सात नंबरचं हसणं

चष्म्याची डावी काडी कानामागे थोडी वाकवून घ्यायची, एवढंच काम होतं. दुकानदार आत जाऊन काडी गरम करत होता आणि ती चष्म्याशिवाय काउंटरला टेकून उभी होती, सगळं जग पाण्यातून बघितल्यासारखं. काउंटरवरच्या मुलीने मोबाईल चष्म्याच्या डब्याला टेकवून सिनेमा लावला होता. आणि एकदम त्या मोबाईलमधून तीच हसली. आधी नाकातून एक छोटा झटका, मग तीन पायऱ्या उतरल्यासारखे तीन सूर, आणि शेवटी श्वास आत घेताना एक बारीकसा आवाज, दार लागता लागता फटीतून वारा शिरतो तसा. स्वतःचा आवाज वाटेत भेटायची तिला सवय होती. बसमध्ये, दवाखान्यात, शेजारणीच्या भिंतीतून तो कितीदा तरी ऐकू यायचा आणि ती त्याला ओळख न देता पुढे जायची, लांबच्या नातेवाइकाला टाळावं तशी. पण हे हसणं भेटलं की पोटात एक पायरी चुकायची. हे सात नंबरचं होतं.

"ही जाडी फार मजेशीर आहे हं," मुलगी म्हणाली. कुणाला तरी सांगावंसं वाटलं म्हणून समोर होतं त्याला सांगितलं. मग तिने वर पाहिलं, समोरच्या बाईची रुंदी डावीकडून उजवीकडे एक ओळ वाचावी तशी वाचली आणि जीभ चावली. "म्हणजे, सिनेमातली."

"सिनेमातलीच," ती म्हणाली, आणि मुलीला बरं वाटावं म्हणून हसली. मुलीने मोबाईलकडे पाहिलं, मग तिच्याकडे, मग पुन्हा मोबाईलकडे. दोन्ही हसणी कुठेतरी एकाच घरातली आहेत असा तिला संशय आला असावा. तेवढ्यात दुकानदार चष्मा घेऊन आला. चष्मा सरळ बसला. बाहेर पडल्यावर रस्ता इतका स्वच्छ दिसायला लागला की तिला उगाचच उघड्यावर आल्यासारखं वाटलं.

तिचं काम आवाजाचं. परक्या भाषेतले प्रेमाचे हलकेफुलके सिनेमे आपल्या भाषेत बोलते करायचे आणि त्यात नायिकेच्या मैत्रिणीला आवाज द्यायचा, हे ती एकोणीस वर्षं करत होती. मैत्रीण म्हणजे ती, जी नायिका रडत असताना उशी देते, नायिका नाचत असताना पर्स सांभाळते आणि नायिकेचं लग्न ठरलं की नायिकेपेक्षा मोठ्याने ओरडते. स्टुडिओत तिला सगळे मैत्रीणच म्हणायचे. दारावरचा रखवालदारसुद्धा वर फोन करून सांगायचा, "मैत्रीणबाई आल्यात." ती स्वतःशी एक वही ठेवायची, कुणी मागितली नव्हती तरी. एकशे बारा सिनेमे. मैत्रीण काहीतरी खाताना दिसते, चौऱ्याण्णव. दारावर, खांबावर किंवा वेटरवर आपटते, एकेचाळीस. नायिकेला विमानतळावर वेळेत पोचवते, अडुसष्ट. मैत्रिणीचं घर आतून दिसतं, नऊ. मैत्रिणीचं चुंबन, तीन, त्यातली दोन अंधारात आणि चुकून. अलीकडे सहा-सात वर्षांत वहीत नवे रकाने आखावे लागले होते. मैत्रीण सावळी झाली, मग काळी झाली, मग चाकाच्या खुर्चीत बसून आली. एकदा तर मैत्रिणीच्या जागी पुरुषांवर प्रेम करणारा एक मित्र आला आणि तो बिचारा नायिकेचे कपडे निवडण्यातच म्हातारा झाला. जग बदलतंय असं सगळीकडे छापून येत होतं. तिने वहीत एवढंच टिपलं की चाकाच्या खुर्चीतल्या मैत्रिणीनेही नायिकेला विमानतळावर सोडलं, आणि इतरांपेक्षा पाच मिनिटं आधी.

आणि आता हा सिनेमा. ह्यात नायिकाच जाडी होती. काळी, एकेचाळीस वर्षांची, पुढच्या दोन दातांत फट असलेली. गावोगाव पुस्तकांची गाडी घेऊन फिरायची आणि गाडी स्वतः चालवायची. नायक दातांचा डॉक्टर, आणि दोन तासांत त्या फटीबद्दल तो अवाक्षर काढत नाही. घरी कंपनीने पाठवलेली प्रत तिने तीन वेळा पाहिली होती, पहिल्यांदा वही घेऊन. नायिका एकदाही पडत नाही. चार वेळा खाते आणि खाताना तिच्याकडे कुणी बघत नाही. तिचं घर पहिल्याच दृश्यात आतून दिसतं, आणि गादीवरची चादर विस्कटलेली असते. तिसऱ्यांदा पाहताना तिने वही बंद करून ठेवली होती आणि बशीतल्या बिस्किटाला हात लावला नव्हता. आज चाचणी होती. चाचणीला एकच वाक्य. ते पास झालं तर नायिका तिची, एकोणीस वर्षांतली पहिली. नाही झालं तर बारीक आवाजवालीला बोलावणार होते. आजवरच्या सगळ्या नायिका त्या बाईनेच बोलल्या होत्या, आणि ती दुपारनंतर मोकळी होती. तिने तसं कळवूनही ठेवलं होतं.

बूथ म्हणजे चारी बाजूंनी फोम लावलेली एक खोली, मोठ्या कपाटाएवढी. आत माईक, कागद ठेवायचा स्टँड, भिंतीवर पडदा, आणि एका बाजूला जाड काच. काचेपलीकडे यंत्रांपाशी कानसेन बसायचा. ध्वनिमुद्रक, कुणाच्या पोटात काय गुरगुरतंय ते काचेतून ओळखतो म्हणून हे नाव. बारीक माणूस, रस्त्यावर कानात कापूस घालून फिरायचा आणि कामाला बसला की कापूस काढून खिशातल्या डबीत ठेवायचा, चष्मा पुसून ठेवावा तसा. ऐकताना डोळे मिटायचा. ह्या काचेची एक खोड होती. कागद वाचायला बूथमधला दिवा लावला की काचेचा आरसा व्हायचा, कारण पलीकडे अंधारच असायचा. मग दिवसभर आपण आपल्यालाच बघत बोलायचं. एकोणीस वर्षांत बाकीच्या बायकांच्या चेहऱ्याला आवाज देताना तिने स्वतःचा चेहरा जेवढा बघितला होता तेवढा घरच्या आरशातही बघितला नव्हता. घरचा आरसा छोटा होता, आणि ती त्याच्यासमोर फार थांबायची नाही.

कानसेनच्या शेजारी कंपनीची मुलगी बसली होती. तिशीची असेल, पाय खुर्चीवर घेऊन बसलेली. "मैत्रीणताई, मी तुम्हाला मुद्दाम मागून घेतलंय," ती बटण दाबून म्हणाली. बटण दाबलं की पलीकडचं बोलणं बूथमध्ये कानावरच्या हेडफोनात येतं, अगदी डोक्याच्या आत. "आम्हाला ह्या सिनेमात खरी बाई हवीय. खऱ्या बायकांनाही प्रेम मिळतं, हे लोकांना दाखवायचंय. शाळेच्या नाटकांत मला दरवर्षी झाड करायचे हो. पाच वर्षं झाड. म्हणून हा सिनेमा माझ्यासाठी फार जवळचा आहे." मुलगी खरं बोलत होती, आवाजावरून माणूस खरा की खोटा एवढं तिलाही कळायचं. झाड कसलं होतं ते विचारावंसं तिला वाटलं, पण ध्वनिमुद्रण सुरू झाल्याचा लाल दिवा लागला.

वाक्य चार शब्दांचं होतं. मला तू हवा आहेस. पुस्तकांच्या गाडीचं मागचं दार उघडं असतं, नायिका पायरीवर उभी, डॉक्टर खाली. संगीत नाही. ती बोलते, दोन सेकंद. मग ओठ मिटते आणि चार सेकंद त्याच्याकडे नुसती बघते. पहिला टेक झाला. कानसेन म्हणाला, "शेवटी हसलात." ती म्हणाली, "नाही हसले." त्याने ऐकवलं. 'आहेस'च्या मागे एक 'हं' होता, मांजराच्या शेपटीएवढा. दुसऱ्या टेकला हत्ती गेला आणि पुन्हा शेपूट राहिलं. तिसऱ्याला तिने श्वासच रोखून धरला, तर वाक्य कोमट झालं, औषधाच्या दुकानात गोळी मागावी तसं. चौथ्याला 'हं' वाक्याच्या पुढे येऊन बसला. सातव्या-आठव्याला तिच्या लक्षात आलं की तो 'हं' ती करतच नाहीये, तो तिच्या गळ्यात राहतो, जुना भाडेकरू, आणि त्याला बाहेर काढायचा कागद तिच्याकडे नाही.

तो राहायला कधी आला तेही तिला ठाऊक होतं. चौदा वर्षांची होती तेव्हा, शिंप्याच्या दुकानात. शाळेच्या नव्या गणवेशाचं माप. शिंप्याने टेप तिच्याभोवती फिरवली, दोन्ही टोकं धरून थोडं ओढून बघितलं आणि दुकानभर म्हणाला, "वहिनी, टेप संपली हो माझी." दुकानात तिच्या वर्गातली एक मुलगी तिच्या वडिलांबरोबर होती. आणि सगळ्यांच्या आधी आई हसली. नाकातून एक झटका आणि मग पायऱ्या. "दोन टेपा जोडा मग," आई म्हणाली, आणि दुकान हसलं. आईबरोबर हसलं, तेवढाच काय तो फरक, पण आईच्या हिशेबात तो मोठा होता. घरी येताना आईने तिचा हात इतका घट्ट धरला होता की बोटं पांढरी पडली. "हसतील त्यांचे दात दिसतील म्हणतात, ते काही खरं नसतं," आई म्हणाली होती. "आपले दात आधी दाखवायचे. मग लोकांना हसायला काही उरत नाही." आईचा तळवा ओला होता. इतक्या वर्षांनंतर तिला आईचं बोलणं पाठ होतं, पण आठवायचा तो तळवा. पुढे ती जिथे गेली तिथे आधी स्वतःच हसली. कॉलेजात, मुलाखतीत, मुलगा बघायला आलेल्या घरी, वजनाच्या काट्यावर. आणि त्यातूनच तिला हे काम मिळालं, कारण एका दुपारी ह्या स्टुडिओत कुणीतरी म्हणालं, "हे असलं हसणं येतं का तुम्हाला?" आणि ते तिला येत होतं. दुसरं काही येतंय का, ते कुणी विचारलं नाही आणि तिनेही सांगितलं नाही.

हसण्यांची एक पेढी होती स्टुडिओत. प्रत्येक सिनेमाला नवं हसून कोण घेणार, म्हणून कानसेनने तिची हसणी नंबर घालून ठेवली होती. एक, तोंड भरलेलं असताना. दोन, पडल्यावर. तीन, दुसरीचं लग्न ठरल्यावर. पाच, स्वतःला कुणी बघत नाही हे कळल्यावर. असं चौदापर्यंत. सात नंबरच्या पुढे काही लिहिलेलं नव्हतं, फक्त सात.

नऊ वर्षांपूर्वीची दुपार होती ती. काम संपलं होतं, ती कागद गोळा करत होती, बूथमधला दिवा लावलेला, आणि लाल दिवाही चालूच राहिलेला. हेडफोनात कानसेनचा आवाज आला. "एक विचारू का? आपण दोघं एका घरात राहिलो तर तुम्हाला कसं वाटेल?" तिने वर पाहिलं. काचेत ती स्वतः होती. तपकिरी स्वेटर, दंडापाशी फुगलेला, आणि छातीवर बिस्किटाचा चुरा. त्या चुऱ्याकडे बघत तिने विचार केला, किंवा विचारही केला नाही, की ह्या बाईला हे कुणी कशाला विचारेल. आणि नाकातून झटका आला, आणि पायऱ्या, आणि शेवटचा तो श्वास. मग तो म्हणाला, "छान आलं. ठेवून देतो." ती जिना उतरली. अकराव्या पायरीवर थांबली. परत वर जाऊन विचारणार काय? तुम्ही खरंच विचारलंत का? आणि तो म्हणाला, छे हो, हसवायला विचारलं, तर? हसवायला विचारण्यासारखीच गोष्ट होती ती. तिने शंभरदा पाहिलं होतं, मैत्रिणीला कुणी फूल दिलं की ते शेवटी नायिकेला पोचवायचं निघतं. अकराव्या पायरीवर ती किती वेळ उभी होती ते तिने मोजलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी तो म्हणाला, "माईक उंच होतोय का?" आणि ती म्हणाली, "थोडा." तेव्हापासून नऊ वर्षं ते माईकच्या उंचीबद्दल बोलत आले होते. त्याने लग्न केलं नाही. तिनेही केलं नाही, पण तिचं कुणाला नवल वाटलं नाही. आणि सात नंबर चालू लागला. लोकांना आवडायचा. त्यात काहीतरी आहे म्हणायचे. एकतीस सिनेमांत तो लागला होता, वहीत तारखा होत्या. तिच्या आयुष्यात एकदाच कुणी काही विचारलं होतं, आणि त्याचं उत्तर एकतीस परक्या बायकांच्या तोंडून सगळ्या शहरभर ऐकू येत होतं. आज सकाळी चष्म्याच्या दुकानात ऐकलं ते बत्तिसावं नव्हे, त्या एकतीसांतलंच एक असेल.

"पाणी घेता का?" कानसेन म्हणाला. तेरा टेक झाले होते. कंपनीची मुलगी मोबाईलमध्ये काहीतरी टाईप करत असणार. तिच्या नखांचा आवाज हेडफोनात येत होता.

"नको. दिवा बंद करता का इथला?"

"कागद दिसणार नाही मग."

"चार शब्दांना कागद कशाला हवा."

दिवा गेला. काचेतली रुंद बाई गेली आणि तिच्या जागी पलीकडची खोली वर आली, तळ्याचं पाणी निवळावं तशी. यंत्रांचे हिरवे ठिपके, खुर्चीवर घेतलेले मुलीचे पाय, आणि कानसेन. डोळे मिटून बसला होता. त्याच्या कानाच्या पाळ्यांवर बारीक पांढरे केस आले होते. हे तिला माहीत नव्हतं. इतकी वर्षं ती त्याच्याकडे बघत होती असं तिला वाटत होतं आणि ती काचेकडे बघत होती. पडद्यावर नायिका पायरीवर आली. तिने पडद्याकडे पाहिलं नाही. ओठ कधी हलतात ते पाठ होतं. लाल दिवा लागला, आणि ती त्या मिटलेल्या पापण्यांकडे बघून म्हणाली, "मला तू हवा आहेस."

मागे काही आलं नाही. चार सेकंद खोली नुसती खोली होती. भाडेकरू घरात नव्हता. तिने गळ्यात हळूच वाकून बघितलं, खरंच नव्हता. कानसेनने डोळे उघडले आणि बटण दाबून धरलं. मुलीने पाय खाली घेतले.

"बाप रे," मुलगी म्हणाली. "पुन्हा ऐकवा." त्याने ऐकवलं. "पुन्हा." त्याने पुन्हा ऐकवलं. तिसऱ्या वेळी मुलीचा आवाज जरा वेगळ्या बाजूने आला. "सुंदर आहे. म्हणजे प्रश्नच नाही. फक्त... जरा जड होतंय का?"

"जड म्हणजे?" कानसेनने विचारलं.

"म्हणजे बघा ना, इथपर्यंत प्रेक्षक तिच्याबरोबर मजेत आलाय. आणि इथे ती एकदम मागते. विनवत नाही, मागते. तिच्यासारख्या बाईने असं सरळ मागितलं की ते जरा अंगावर येतं. मला नाही हो येत, मला आवडलं. लोकांचं म्हणतेय मी. शेवटी विनोदी सिनेमा आहे." मग काचेकडे वळून, गोड आवाजात, "मैत्रीणताई, वाक्य अस्संच ठेवू. फक्त शेवटी तुमचं ते हसणं लावू छोटंसं. पायऱ्यांचं. खरं सांगू का, ते हसणं ऐकूनच मी तुमचं नाव सुचवलं होतं."

"तिचे ओठ मिटलेले आहेत तिथे," कानसेन म्हणाला. "चार सेकंद. ती हसत नाहीये."

"नाकातून सुरू होतं ना ते. आणि हनुवटी जराशी हलते तिची, मी पाहिलंय. बसेल."

बसेल हे तिलाही माहीत होतं. त्या हनुवटीखाली काय काय बसवता येतं हे तिच्याइतकं कुणाला माहीत असणार. पडद्यावर नायिका ओठ मिटून थांबलेली होती, आणि तिला आपल्यावर काय बेतलंय ह्याचा पत्ता नव्हता.

"सात नंबर खराब झालाय," कानसेन म्हणाला. "फाईल उघडत नाही."

ती काचेतून त्याच्याकडे बघत राहिली. ह्या माणसाची फाईल खराब होत नाही. पंधरा वर्षांपूर्वीच्या शिंका त्याच्याकडे तारीखवार होत्या.

"मग आता घेऊ की नवीन," मुलगी म्हणाली. "बाई आहेत समोर, माईक आहे. हसायचंच तर आहे." आणि थोडं थांबून, अगदी मायेने, "मला हे काम तुम्हालाच द्यायचंय हो ताई. वरच्यांना आज दुपारीच नाव कळवायचंय. नाहीतर मग ते त्या दुसऱ्या बाईंना..." वाक्य तिने पुरं केलं नाही. पुरं न केलेल्या वाक्याला भोक असतं आणि त्यातून पलीकडचं सगळं दिसतं.

नाही म्हणायचं असतं तर इथे म्हणायला हवं होतं, हे तिला नंतर सुचलं नाही, तेव्हाच सुचलं. शब्द तोंडात तयार होता. पण नाही म्हटलं तर ही नायिका बारीक आवाजवाली बोलणार, आणि तिच्या तोंडी ती काळी, रुंद, सरळ उभी राहिलेली बाई ताटलीत ठेवलेल्या चमच्यासारखी किणकिणणार. आणि हो म्हटलं तर बाई हिच्याच आवाजात उभी राहणार आणि हिच्याच हसण्याने खाली बसणार. दोन्ही दारं एकाच खोलीत उघडत होती. तिने विचारलं, "किती सेकंदांचं?"

"दोन," मुलगी म्हणाली.

लाल दिवा लागला. हसायला काही कारण लागतं अशी तिची समजूत असती तर ती एकोणीस वर्षं उपाशी मेली असती. तिने तोंड थोडं उघडलं, आणि नाकातून झटका आला, आणि तीन पायऱ्या, आणि श्वास. सगळं जागच्या जागी, नऊ वर्षं घडी घालून ठेवल्यासारखं. एका सुराचाही फरक नव्हता. आज मात्र ते हेडफोनात ऐकताना तिला त्या शेवटच्या श्वासाची ओळख पटली. तो हसण्याचा नव्हताच. आईने घट्ट धरलेल्या त्या हाताचा होता.

"हेच. हेच ते," मुलगी म्हणाली, आणि फोन घेऊन बाहेर गेली. दार तिच्यामागे फुसकन लागलं.

लाल दिवा चालू होता. कानसेन खाली बघत होता. "नंबर काय देऊ?" त्याने विचारलं.

"सातच द्या. ती जागा रिकामी झालीय ना."

बटण दाबलेलंच राहिलं. त्याच्या खुर्चीची करकर डोक्यात ऐकू येत होती. "नाही झालेली," तो म्हणाला. "फाईल ठीक आहे. मी बाजूला काढून ठेवलीय. गेल्या महिन्यापासून कुणाला देत नाही."

"का?"

"ते हसणं सिनेमासाठी नव्हतं." मग बराच वेळ करकर. "आधीच काढायला हवं होतं म्हणा. पण दर वेळी लावताना वाटायचं, ह्या वेळी नीट ऐकलं की कळेल."

"काय कळेल?"

"तुम्ही हो म्हणालात की नाही ते."

म्हणजे त्यालाही नव्हतं कळलं. कुणाच्या पोटात काय गुरगुरतंय ते काचेतून ओळखणारा माणूस नऊ वर्षं एकच हसणं पुढे-मागे करून ऐकत बसला होता. त्याच्यापुढे पायऱ्या तीन होत्या, तिच्या अकरा, एवढाच फरक. तिने पडद्याकडे पाहिलं, सवयीने. बोलायच्या आधी समोर कुणाचे तरी ओठ हलावे लागतात, आपण त्यांच्यामागून जायचं असतं. पडद्यावरचे ओठ मिटलेले होते. तिचे स्वतःचे कधी हलवायचे ते कुठल्या कागदावर लिहिलेलं नव्हतं. मघाचं वाक्य मात्र तोंडात अजून ऊन होतं. तू च्या जागी तुम्ही, मागचे दोन शब्द त्याच्या मापाचे, बाकी तेच. कानसेन ह्या वेळी डोळे मिटत नव्हता. तिच्या गळ्याशी काहीतरी वर आलं, नाकाकडे निघालं, आणि तिने ते धरून ठेवलं, दोन्ही हातांनी दार लोटून धरावं तसं. माईक अगदी बरोबर उंचीवर होता.

"मला," ती म्हणाली.

बूथचं दार उघडलं. "पास!" कंपनीची मुलगी आत डोकावून म्हणाली. "मैत्रीणताई, आजपासून तुम्ही नायिका. अशा अंधारात काय उभ्या आहात?" आणि तिने भिंतीवर चाचपून दिवा लावला. "बोला, कसं वाटतंय?"

नाकातून झटका आला. मग पायऱ्या, एक, दोन, तीन. मग तो श्वास. काचेमागे लाल दिवा कुणीतरी बंद केला. काचेत, चष्मा अगदी सरळ बसलेली एक रुंद बाई हसत होती, आणि तिच्यापलीकडे कोण आहे ते आता दिसत नव्हतं.